शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांकडे एवढं शहाणपण आलं कुठून?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. पदव्या घेऊन काय होतं, गाडगेबाबा कुठे शाळेत गेले होते, असा त्याचा सूर. खाली झाडू हातात घेतलेला बाबांचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी.

मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा मेसेज बाबांनी वाचून घेतला असता, तर पाठवणाऱ्याला भर कीर्तनात उभं करून दहा प्रश्न विचारले असते. कारण अक्षर न येण्याची किंमत काय असते, हे या माणसाला जितकं माहीत होतं तितकं फार थोड्यांना माहीत असेल. त्याच्या घराने ती जमिनीत मोजली होती.

मग प्रश्न उरतोच. पुस्तक नाही, शाळा नाही, कुणी नाव घेण्यासारखा गुरू नाही. तरी या माणसाचं बोलणं ऐकायला हजारो लोक रात्र रात्र बसायचे आणि शिकलेसवरलेले मंत्री, वकील, संपादक त्याच्यापुढे मांडी घालून बसायचे. हे शहाणपण आलं कसं? ते बघायला जरा मागे जावं लागेल.

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखुबाई जाणोरकरांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी.

घरची स्थिती सुरुवातीला अगदीच वाईट नव्हती. पण त्या काळी कुळाचाराच्या नावाखाली बोकड कापायचा, देवाला दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि मग उरलेली सगळ्यांनी प्यायची, हा रिवाज होता. देवाचं नाव पुढे असल्यामुळे त्याला कुणी व्यसन म्हणत नसे. झिंगराजींना ती लत अशीच लागली. आधी सणाला, मग रोज. घरदार, जमीन सगळं दारूत गेलं आणि शेवटी तेही गेले. डेबूजी तेव्हा जेमतेम आठेक वर्षांचा होता.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे त्यांचं माहेर. मामाचं नाव चंद्रभान. डेबूजीच्या वाट्याला मामाची गुरं आली. गुरं राखायची, गोठा झाडायचा, शेण काढायचं, नदीत पोहायचं, रात्री भजनाला बसायचं. पुढे शेतात पडला आणि वाघासारखा कामाला लागला. घर चांगलं चाललं होतं. आणि मग सावकार आला.

इथे थोडं थांबून त्या काळातलं कर्ज कसं चालायचं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचा माणूस कळत नाही.

शेतकरी सावकाराकडून पैसे घ्यायचा. कागदावर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही, अंगठा मात्र द्यायचा. हंगाम आला की धान्य किंवा रोकड नेऊन द्यायची. पावती मागायची पद्धत नव्हती, मागितली तरी ती वाचणार कोण? वही सावकाराची, लेखणी सावकाराची, हिशेबही त्याचाच. फेडलेले पैसे वहीत चढले की नाही हे शेतकऱ्याला थेट जप्तीच्या दिवशी कळायचं.

डेबूजीच्या जन्माच्या एकच वर्ष आधी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला होता. तो पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. त्यांनी प्रामुख्याने काय जाळलं? कर्जरोखे. वाचता न येणाऱ्या माणसांनाही नेमकं ठाऊक होतं की आपला जीव कशात अडकलाय. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या बाजूचा एक कायदा आणला, पण तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तर मुंबई इलाख्यातही नव्हता.

चंद्रभान मामांचंही तेच झालं. विश्वासावर व्यवहार केला, पैसे भरत राहिले, पावती घेतली नाही. कर्ज काही फिटलं नाही, उलट शेत गेलं. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. ज्या जमिनीत डेबूजीने वर्षानुवर्षं घाम गाळला होता ती एका वहीतल्या ओळींनी नेली. चरित्रकार सांगतात की सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा तरणाबांड डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला आणि त्यांना परत पाठवलं.

त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग नेहमी शौर्य म्हणून सांगितला जातो. ते खरंच आहे. पण डेबूजीने त्यातून घेतलेला धडा मनगटाबद्दलचा नव्हता. सावकार जिंकला तो बळाने जिंकला नव्हता, मामा हरले ते आळशी म्हणून हरले नव्हते. एकाला वाचता येत होतं, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक होता. हा धडा तो पुढे पन्नास वर्षं लोकांना सांगत राहिला.

आता बघा, दारूने बाप गेलेली मुलं तेव्हा गावोगाव होती. सावकाराने जमीन बळकावलेली कुटुंबं तर मोजता येणार नाहीत इतकी होती. सगळ्यांना तोच अनुभव आला, पण सगळे गाडगेबाबा झाले नाहीत. बहुतेकांनी नशिबाला दोष दिला, काहींनी देवाला नवस केला, काही स्वतःच प्यायला लागले. म्हणजे नुसत्या सोसण्याने शहाणपण येत नाही. डेबूजीने वेगळं काय केलं? जे भोगलं त्याचं कारण शोधलं, आणि ते सापडल्यावर आधी स्वतःच्या घरात बदल केला.

याचा पहिला पुरावा त्याच्या मुलीच्या बारशाला मिळतो. १८९२ साली डेबूजीचं लग्न कुंताबाईंशी झालं होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना मटण आणि दारूचं जेवण द्यायचं होतं. डेबूजीने बुंदीचे लाडू केले. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा जातपंचायतीचा शब्द म्हणजे कायदा होता, आणि बारशाला दारू नाही म्हणजे जमातीचा अपमान. मंडळी फुगली. डेबूजीने ऐकून घेतलं आणि लाडूच वाढले. तेव्हा हा ना बाबा होता, ना कीर्तनकार. विशी-पंचविशीतला एक कष्टकरी शेतकरी होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं. वय अठ्ठावीस.

काही चरित्रांत याआधी शेतात एका अनोळखी साधूची भेट झाल्याची गोष्ट येते. ती झाली असेलही. पण एका रात्रीत साक्षात्कार झाला आणि माणूस बदलला, असं समजलं तर आधीची अठ्ठावीस वर्षं फुकट जातात. बापाचं मरण, मामाची जमीन, लाडवांचं बारसं आणि अधेमधे वऱ्हाडाने पाहिलेले दुष्काळ, हे सगळं बरोबर घेऊनच तो बाहेर पडला होता.

यानंतरची सुमारे बारा वर्षं तो नुसता फिरला. अंगात चिंध्या जोडून शिवलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात झाडू आणि मातीचं गाडगं. तेच गाडगं डोक्यावर टोपी म्हणून आणि तेच जेवायला ताट म्हणून. त्यावरूनच गाडगेबाबा हे नाव पडलं. कुठे लोक गोधडे महाराज म्हणायचे, कुठे लोटके महाराज, कुठे चिंधेबुवा.

हा वेष विचित्र वाटतो, पण त्याचा एक उपयोग होता. फाटक्या माणसासमोर कुणी नाटक करत नाही. अंगावर भगवं असतं तर लोकांनी पाया पडून पाटावर बसवलं असतं आणि खरा चेहरा लपवला असता. चिंध्यांमुळे कुणी हाकललं, कुणी कुत्रं सोडलं, कुणी चोर समजलं, कुणी बोलावून भाकरी दिली. कुठल्या घरात भाकरी आहे पण माणुसकी नाही, कुठल्या पाणवठ्यावर कुणाला मनाई आहे, कुठला भक्त देवळात लवून बाहेर भिकाऱ्याला लाथ मारतो, हे सगळं त्याला जवळून दिसलं. आणि हा माणूस फुकट खात नसे. आधी अंगण झाडायचा, लाकडं फोडायचा, मग चटणी-भाकर घ्यायचा. म्हणजे बारा वर्षं त्याने हजारो घरं आतून-बाहेरून पाहिली. याला शाळा म्हणायची नसेल तर नका म्हणू.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. तिथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीवर उतरायची वाट म्हणजे नुसता चिखल, म्हाताऱ्या बाया घसरून पडायच्या. लोक वर्षानुवर्षं पडत होते, उठत होते आणि पुण्य मिळालं म्हणून घरी जात होते. गाडगेबाबांनी फावडं घेतलं आणि वाट नीट करायला लागले. कुणाला सांगितलं नाही, वर्गणी मागितली नाही. बघणाऱ्यांना लाज वाटली, तेही हात लावायला लागले. पुढे तिथे घाट झाला. त्यांची पद्धत पुढेही हीच राहिली. गावात शिरलं की आधी गटार आणि रस्ता झाडायचा. दिवसभर हातात झाडू आणि रात्री कीर्तन. गाव साफ करणारा हा फाटका माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला की गावकऱ्यांचं तोंड आधीच बंद झालेलं असायचं.

आणि कीर्तन म्हणजे काय, तर प्रश्न!

नेहमीचा कीर्तनकार पोथीतला दाखला देतो आणि त्याचा अर्थ सांगतो. बाबांकडे पोथी नव्हती. ते देवकीनंदन गोपालाचा गजर करायचे आणि मग समोरच्या माणसाला वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचे. देव पाहिलाय का? कुठे असतो? देवळात. त्याला आंघोळ कोण घालतं? आपण. नैवेद्यावर कुत्रं आलं तर त्याला हाकलतं कोण? आपणच. मग एवढ्यावर थांबायचे. समोरचे लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. शेवटचं उत्तर बाबा देत नसत, ते समोरच्याच्या तोंडून यायचं.

दुसरा नेहमीचा विषय होता कर्जाचा. तीर्थाला जायला कर्ज काढलं का, लग्नाला किती काढलं, दिवसाला किती व्याज, फेडणार कोण. चार आकडे लोकांकडूनच वदवून घ्यायचे आणि बेरीज त्यांनाच करायला लावायचे. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नाव वर येते, तर मग युद्धात बुडालेल्या बोटी काढायला सरकार एवढा खर्च कशाला करतं, असंही ते विचारायचे. पोथीवर आडनाडी हल्ला नाही, चिडचिड नाही. तुमच्या डोक्याला जे पटतं ते बोला, एवढाच आग्रह.

यात एक बारकी गोष्ट आहे. बाबांनी लोकांची श्रद्धा मोडायचा प्रयत्न केला नाही. त्यांचा स्वतःचा विठ्ठल शेवटपर्यंत होता, दर वारीला ते पंढरपुरात असायचे. पण असं सांगतात की ते देवळात दर्शनाला जात नसत, बाहेर वारकऱ्यांची घाण काढत असत. त्यामुळे नास्तिकांनाही ते आपले वाटतात आणि वारकऱ्यांनाही. दोन्ही बाजू त्यांना थोडं थोडं कापून घेतात, हा भाग वेगळा.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. नदीत उभं राहून ओंजळीने आपल्या गावाच्या शेताला पाणी देण्याची जी गोष्ट बाबांच्या नावाने फिरते, तीच गुरू नानकांच्या नावानेही सांगितली जाते. बाबांच्या नावावर खपवलेल्या गोष्टी भरपूर आहेत. त्यामुळे पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी जरा बघा. बाबांचं चांगलं चरित्र वाचायचं असेल तर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेलं आहे, आणि गो. नी. दांडेकरांचंही आहे. गोनीदा तर काही काळ बाबांच्या सहवासातच होते.

आता पैशाकडे येऊ, कारण तिथेच हा माणूस किती पक्का होता ते कळतं.

पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्य समाजाच्या लोकांना तेव्हा राहायला जागा मिळत नसे. बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढे नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी सोय झाली, कारण गावाकडून आलेली माणसं फूटपाथवर झोपतात हे त्यांनी पाहिलं होतं. गोशाळा, सदावर्तं, शाळा, वसतिगृहं वेगळीच. यासाठी लाखो रुपये लोकांनी दिले. ते बाबांच्या हातात कधी राहिले नाहीत. प्रत्येक जागेचा ट्रस्ट, पंचमंडळी, कागदपत्रं. १९५२ साली सगळ्या कामाची घडी नीट बसावी म्हणून गाडगे महाराज मिशन स्थापन झालं.

ज्याच्या मामाचं शेत कागद न वाचल्यामुळे गेलं, त्याने आयुष्यभर उभ्या केलेल्या प्रत्येक विटेचा कागद पक्का करून घेतला. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचणारी, हिशेब ठेवणारी प्रामाणिक माणसं शोधली. स्वतःला काय येत नाही हे ओळखून तिथे दुसऱ्याला बसवणं, हे मला त्यांच्या झाडूपेक्षाही मोठं वाटतं. झाडू कुणीही उचलू शकतो, फोटोपुरता तर आपण रोज बघतोच.

पण या सगळ्याचं बिल कुणीतरी भरलं, आणि ते नाव फारसं कुठे येत नाही. कुंताबाई. नवरा मुलंबाळं मागे ठेवून निघून गेला. पुढे त्याचं नाव झालं, त्याच्या शब्दावर इमारती उभ्या राहू लागल्या, पण त्यातला एक रुपया घरी आला नाही. लोकांच्या पैशाने बांधलेल्या जागेवर आपल्या नातलगांचा हक्क नाही, हा बाबांचा कडक नियम होता. तत्त्व म्हणून तो लाखात एक. पण तो पाळताना रोजची चूल कुंताबाईंनी सांभाळली.

त्यांचा मुलगा गोविंदा तरुणपणीच गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते, बातमी आली आणि कीर्तन थांबलं नाही, असं सांगितलं जातं. ही गोष्ट वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात आणि लोक माना डोलावतात. त्या रात्री कुंताबाईंपाशी कोण होतं, हे विचारायला मात्र सहसा कुणी थांबत नाही. बाबांच्या मोठेपणाला यामुळे धक्का लागतो असं मला वाटत नाही. पण त्यांच्या पद्धतीने प्रश्न विचारायचे ठरवले तर हाही विचारावा लागतो.

शिक्षणाबाबत त्यांची भूमिका मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होती. घरातलं ताट विका आणि भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, अशा अर्थाचं ते प्रत्येक कीर्तनात सांगायचे. ते सांगताना समोर उदाहरण ठेवायचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. ज्याला वर्गाबाहेर बसवलं त्याने देशाची घटना लिहिली, तुम्ही काय करताय, असा तो सवाल असे. दोघांचा एकमेकांवर मोठा जीव होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांच्या शिक्षणासाठी. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था गरिबांच्या पोरांना शिकवत होती, तिच्याही पाठीशी ते उभे राहिले. १९५४ साली रयतने कराडला काढलेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

सद्गुरू हे नाव त्यांना स्वतःला कितपत मानवलं असतं कोण जाणे. माझा कुणी गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही, हे ते ठणकावून सांगायचे. पाया पडायला आलेल्याला टाळायचे, कधी तर सरळ पळून जायचे. गादी नाही, मठाधिपती नाही, वारस नाही. त्यांच्या पश्चात कुणी त्यांच्या नावाने अंगारा वाटू नये याची तजवीज त्यांनी हयातीतच करून ठेवली.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं. शरीर थकलेलं होतं, वय ऐंशी. त्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग झालं आणि ते आजही ऐकायला मिळतं. इंटरनेटवर शोधा. आवाज जुना आहे, बोली वऱ्हाडी आहे, पहिली पाच मिनिटं कान लावून ऐकावं लागेल. समोर खाकीतले पोलीस बसलेत आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा त्यांना देव, दारू, कर्ज आणि शाळा यांवर एकामागून एक प्रश्न विचारतोय, आणि पोलीस पोरांसारखी उत्तरं देतायत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. पुढे चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, त्या भागाला गाडगेनगर म्हणतात.

त्याच शहरातल्या विद्यापीठाचं नाव आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे. वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांमधली पोरं तिथून डिग्री घेतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात तो डिग्रीचा कागद वाचू शकणारं ते पहिलंच माणूस असतं.